नाव, नदी आणि औषधांची पिशवी

सात वर्षांपूर्वी लेकीकडे पहिल्यांदा न्यू जर्सीला गेलो, तेव्हा वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत माझे गुडघे बोलायला लागले म्हणून मी समोर दिसलेल्या बाकावर बसकण मारली. त्या दालनात चार मोठी चित्रं होती. बाक पुढच्या दालनात असता तर आज हे लिहिलंही नसतं.

थॉमस कोल या चित्रकाराची ती मालिका. नाव ‘द व्हॉयेज ऑफ लाइफ’, म्हणजे आयुष्याचा जलप्रवास. बालपण, तारुण्य, प्रौढपण, वार्धक्य. एक माणूस, एक नाव, एक नदी आणि एक देवदूत. सांगलीच्या शाळेत एकतीस वर्षं मी चित्रकला शिकवली. इंटरमिजिएटच्या मुलांना ‘निसर्गचित्रात माणूस छोटा काढा, म्हणजे डोंगर मोठा दिसतो’ असं सांगून सांगून घसा बसवला. इथे एका माणसाचं सगळं वय डोंगर, पाणी आणि आभाळातून सांगितलेलं बघून मी अर्धा तास तिथून हलले नाही. नंतर कळलं की या चारही चित्रांचा एक आधीचा संच आहे आणि तो न्यूयॉर्क राज्यातल्या युटिका नावाच्या गावात आहे. कोलचं घर कॅट्सकिलला, ते त्याच वाटेवर. तेव्हापासून मनात होतं.

गेल्या वर्षी ह्यांची बायपास झाली. या खेपेला विमानात बसल्या बसल्या हेच म्हणाले, “तुझी ती नाववाली चित्रं बघून टाकू. पुन्हा येणं होतंय न होतंय.” हे एकाहत्तर, मी सदुसष्ट. लेकीनं ऑक्टोबरमध्ये रजा टाकली. नातू शाळेमुळे जावयाकडे राहिला.

पहिला दिवस: एडिसन ते कॅट्सकिल

लेकीच्या गावाहून, एडिसनहून, कॅट्सकिल अडीच तासांचं. आम्हाला चार लागले, कारण दर तासाला कोणाला तरी उतरायचं होतं. पण ऑक्टोबरमधल्या त्या रस्त्यावर घाई करणाराच वेडा. हडसनच्या कडेचे डोंगर पेटले होते. मेपल कुंकवासारखे लाल, बर्च पिवळे धमक, ओक गुळाच्या ढेपेसारखे. हे खिडकीला नाक लावून म्हणाले, “कुणीतरी भंडारा उधळलाय. जेजुरी झालीय नुसती.”

दुपारी काटरस्किल धबधब्याला गेलो. खालून चढून जायची वाट आमच्या वयाची नव्हे. वरच्या बाजूला लॉरेल हाउस रस्त्याच्या टोकाशी गाडी लावली की जवळजवळ सपाट वाट आहे, दहा-पंधरा मिनिटांत सज्जावर पोचता. काठी घेऊनही जमतं. ऑक्टोबरात पाणी बेताचंच, पण दोन टप्प्यांत पडताना आवाज चांगला घुमतो. १८२५ साली चोवीस वर्षांचा कोल बोटीनं हडसनमधून वर आला, इथे भटकला आणि परत जाऊन त्यानं जी चित्रं काढली ती न्यूयॉर्कमधल्या एका दुकानाच्या खिडकीत लागली. तिथून त्याचं नाव झालं. इंग्लंडातल्या बोल्टनमध्ये जन्मलेला, सतराव्या वर्षी आईबापांबरोबर अमेरिकेत आलेला मुलगा. या देशाचे डोंगर इथल्या लोकांना आधी त्यानंच दाखवले म्हणायला हरकत नाही.

संध्याकाळी मोटेलवर मेतकूट-भात झाला. साडेसातला ह्यांनी विचारलं, “पिशवी कुठंय?”

“कुठली?”

“कुठली म्हणजे?”

औषधांची पिवळी कापडी पिशवी. सगळं सामान तीनदा मोजलं. मग लेकीनं घरी व्हिडिओ कॉल लावला, तर नातवानं फोन फिरवून दाखवला: पिशवी फ्रिजच्या मुठीला लटकत होती. विसरू नये म्हणून मीच तिथे अडकवली होती.

रक्त पातळ करायची गोळी चुकवायची नाही हे डॉक्टरांनी बजावलेलं. जावई म्हणाला, घेऊन येतो. रात्री अडीच तास येणं, अडीच तास जाणं, घरात नऊ वर्षांचं पोर. नको म्हटलं. लेकीनं रात्री उघडा असणारा एक दवाखाना शोधला. तिथे आम्ही गोळ्यांची नावं सांगतोय आणि समोरच्या मुलीला एकही कळत नाही, कारण ती आपल्याकडच्या कंपन्यांनी ठेवलेली बाजारातली नावं. शेवटी जावयानं फोनवर पाकिटांच्या मागची बारीक अक्षरं एकेक करून वाचली. “एम, ई, टी, ओ...” “ओ! मेटोप्रोलॉल!” असं म्हणून त्या तरुण डॉक्टरनं लॉटरी लागल्यासारखा हात वर केला. पाच दिवसांच्या गोळ्या मिळाल्या. बिलाचा आकडा ह्यांना अजून सांगितलेला नाही.

तर ज्यांचे आईवडील जाणार असतील त्यांनी एवढं करा: प्रत्येक गोळीचं मूळ औषधाचं नाव आणि मात्रा एका कागदावर इंग्रजीत लिहून फोटो काढून ठेवा. आपल्या ब्रँडच्या नावाला तिकडे कुणी ओळखत नाही. प्रवासविमा आधीपासूनच्या आजाराला चालतो का हे इथेच विचारून घ्या. आमचा चालला नाही. आणि पिशवी फ्रिजला लटकवू नका.

दुसरा दिवस: पिवळं घर

कोलचं घर, सीडर ग्रोव्ह, १८१५ सालचं. पिवळ्या रंगाचं, पुढे लांब ओसरी. ओसरीवर उभं राहिलं की समोर कॅट्सकिलचे डोंगर एकामागे एक. मधे आता घरं आणि गाड्या आहेत, पण नजर वर ठेवली तर कोलनं बघितलं तेच दिसतं. त्यातल्या एका शिखराला आता त्याचंच नाव आहे. हे घर त्याच्या बायकोच्या मामाचं. आधी तो इथे भाड्यानं राहून चित्रं काढायचा, मग १८३६ मध्ये याच घराच्या दिवाणखान्यात मारियाशी त्याचं लग्न लागलं आणि तो घरजावई झाला. ह्यांना ही माहिती फार आवडली.

घर दाखवणाऱ्या बाई सत्तरीच्या असाव्यात, निवृत्तीनंतर हौसेनं हे काम करणाऱ्या. ह्यांना चढावर दम लागला की त्या आपणहून थांबायच्या आणि एखादी गोष्ट सांगायच्या, म्हणजे थांबणं गोष्टीसाठी झालं असं वाटावं. दिवाणखान्यात रंगाच्या थरांखाली भिंतीवरची नक्षी सापडली, ती खुद्द कोलच्या हातची, ही गोष्ट अशीच जिन्यापाशी मिळाली.

मला बघायची होती ती जुनी चित्रशाळा. अंगणातल्या कोठाराच्या एका टोकाला, १८३९ च्या अखेरीला त्याला मिळालेली. आत गेले आणि आधी खोली नजरेनं मोजली. ती चित्रं प्रत्येकी साडेसहा फूट रुंद, जवळजवळ साडेचार फूट उंच. चार! या खोलीत मागे सरकून चित्र लांबून बघायलाही जागा कमीच पडणार. आणि पहिला संच त्यानं इथे वर्षाच्या आत पुरा केला.

ही चित्रं मागितली होती सॅम्युअल वॉर्ड नावाच्या न्यूयॉर्कच्या सावकारानं. भाविक माणूस. घरात चिंतनासाठी लावायला आयुष्यावरची चार चित्रं हवी म्हणाला. कोलनं काम हाती घेतलं आणि नोव्हेंबर १८३९ मध्ये वॉर्डच वारला. त्यानं मागवलेलं वार्धक्य त्याला बघायला मिळालं नाही. मग वारसांशी तणातणी. कोलचं म्हणणं, ही चित्रं चारचौघांना बघायला मिळावीत, नाहीतर उपयोग काय. वारस ऐकेनात. तेव्हा या माणसानं काय करावं? रोमला गेला आणि १८४१-४२ च्या हिवाळ्यात तीच चारही चित्रं पुन्हा काढली.

हे वाचायला सोपं आहे. मी चित्रकलेची बाई आहे, मला विचारा. एकदा जमलेलं चित्र पुन्हा काढायला सांगणं ही शिक्षा असते. पहिल्यात हात चालतो, दुसऱ्यात नुसती आठवण चालते. राग असल्याशिवाय आणि सांगण्यावर ठाम विश्वास असल्याशिवाय हे होत नाही. गंमत म्हणजे रीतसर चर्चचा सभासद तो झाला चाळिशी ओलांडल्यावर, चित्रं काढून झाल्यानंतर. श्रद्धा आधी हातात आली आणि मागाहून घरात, असं काहीतरी.

बाईंनी सांगितलं, कोल ११ फेब्रुवारी १८४८ ला याच घरात गेला. फुप्फुसाच्या आवरणाचा दाह. ‘क्रूस आणि जग’ या विषयावरची पाच चित्रांची मालिका अर्धी राहिली. धाकटा मुलगा वडील गेल्यावर काही महिन्यांनी जन्मला.

“वय काय होतं?” ह्यांनी विचारलं.

“सत्तेचाळीस.”

हे ओसरीवरच्या बाकावर बसून हिशोब करत होते. “म्हणजे ते म्हातारपणाचं चित्र काढलं तेव्हा?”

“एकोणचाळीस.”

“मग ते ऐकीव माहितीवर काढलंय.”

लेकीनं हे बाईंना इंग्रजीत सांगितलं. त्या इतक्या हसल्या की पुढच्या गटातले लोक वळून बघायला लागले.

जाताना थॉमसन स्ट्रीटवरच्या दफनभूमीत गेलो, गाडीनं काही मिनिटांचं अंतर. कोलच्या थडग्यावर ओली पानं चिकटली होती. लेकीनं ती बाजूला केली. आम्ही निघेपर्यंत आणखी दोन पडली.

(घर रोज उघडं नसतं आणि हिवाळ्यात बहुतेक बंद, वेळा बघूनच जा. आदल्या दिवशी तिकीट काढलेलं बरं. नदीपलीकडे त्याचा शिष्य फ्रेडरिक चर्चचा ओलाना नावाचा वाडा आहे. पाय चालत असतील तर पुलावरून पायी जाता येतं. आमचे चालत नव्हते.)

तिसरा दिवस: युटिका

मोहॉक नदीच्या कडेनं दोन तास. दिवसभर पावसाची भुरभुर, आपल्याकडे श्रावणात असते तशी, फक्त हाडं गोठवणारी.

युटिका एकेकाळी गिरण्यांचं गाव. गिरण्या गेल्या, माणसं गेली, मग नव्वदच्या दशकात बोस्नियातून युद्धामुळे निघालेली कुटुंबं हजारोंनी येऊन वसली. महापालिकेशेजारचं एक जुनं मेथडिस्ट चर्च ओस पडलं होतं, ते त्यांनी घेऊन त्याची मशीद केली. आम्ही नाश्ता केला तो अशाच एका बोस्नियन बाईंच्या छोट्या हॉटेलात. पालक भरून गोल गुंडाळलेला पापुद्रेदार पदार्थ, वरून दही. आळूवडी आणि खारी यांचं लग्न लावलं तर असं काहीतरी होईल. शाकाहारी मंडळींसाठी: या गावचे ‘ग्रीन्स’ प्रसिद्ध आहेत, नावाला भुलू नका, हिरव्या भाजीत डुकराचं मांस असतं. टोमॅटो पाय मात्र बिनधास्त खा. जाड पावावर गोडसर टोमॅटोचा थर, वर किसलेलं चीज, आणि तो गार खायचा.

मन्सन संग्रहालयाची इमारत फिलिप जॉन्सन या नामांकित वास्तुरचनाकाराची, १९६० ची. बाहेरून बिनखिडकीची ग्रॅनाइटची पेटी. हे म्हणाले, “सूतगिरणीचं गोदाम वाटतंय.” आत गेलात की एकदम उंच, उजेडाचा चौक उघडतो. कोलचा पहिला संच १९५५ पासून या संस्थेकडे आहे.

आणि मग ती चार.

बालपण. काळोख्या गुहेतून नदी बाहेर येते. सोनेरी नाव, तिच्या अंगावर कोरलेल्या आकृती म्हणजे वेळेचे प्रहर, आणि नाळेवरच्या, म्हणजे नावेच्या पुढच्या टोकावरच्या, मूर्तीच्या हातात वाळूचं घड्याळ. बाळ फुलांत बसून हात हलवतंय आणि सुकाणूपाशी देवदूत उभा. पुढच्या बाजूला पाण्यात कमळं आहेत. कोलनं चित्रांबरोबर स्वतः टिपण लिहिलं होतं, त्यात ही इजिप्तची कमळं म्हणजे मानवी जीवन असं म्हटलंय. मला उगीच बरं वाटलं.

तारुण्य. मुलगा आता सुकाणू स्वतः धरून उभा. देवदूत काठावर राहिलाय, निरोप दिल्यासारखा. आभाळात पांढरा घुमटदार महाल, मला थोडा ताजमहालासारखाच वाटला. मुलाची नजर महालावर. नदी मात्र महालाकडे जातच नाही. झाडांमागे ती वळते आणि खडकांकडे उतरते, ते त्याला दिसत नाही. कोल गेल्यावर या मालिकेतल्या ज्या चित्राचा छापील उठाव आधी निघाला आणि घरोघरी गेला, ते हेच. साहजिक आहे. भिंतीवर कोण वार्धक्य लावतो?

प्रौढपण. हे चित्र बघताना माझा हात नकळत ह्यांच्या कोपराला गेला. आभाळ काळं, झाडं वठलेली, पाणी फेसाळून खाली कोसळणारं. सुकाणू नाही. माणसाने हात जोडलेत, तोंड वर. ढगांत भुतासारखे चेहरे आहेत, आत्महत्या, व्यसन, खून. देवदूत आहे, पण मागे, वर, उजेडाच्या एका फटीत. माणसाला तो दिसत नाही. दिसत नसताना हात जोडलेत, आणि कोलच्या मते तीच श्रद्धा त्याला वाचवते.

वार्धक्य. नदी संपली, समुद्र लागला. पाणी सपाट. नाव मोडकी, नाळेवरचं वाळूचं घड्याळ गायब. वेळ मोजायचं कामच उरलं नाही. म्हाताऱ्यासमोर ढग फाटून प्रकाश उतरलाय आणि जन्मभर सोबत असलेला देवदूत त्याला आता, पहिल्यांदा, समोर दिसतोय. झाड नाही, हिरवा काठ नाही, एक पान नाही, नुसते थोडे ओके खडक. निसर्गचित्रकारानं निसर्गच जवळजवळ काढून घेतलाय. धंद्यातल्या माणसाला यातलं धाडस कळेल.

ह्यांनी चष्मा वर करून जवळ जाऊन बघितलं. “याच्या नावेत औषधांची पिशवी दिसत नाही.”

“फ्रिजला लटकत राहिली असेल,” लेक म्हणाली.

आम्ही हसत होतो तेवढ्यात एका वृद्धाश्रमातली सात-आठ माणसं आली. चाकाच्या खुर्च्या, वॉकर, एकाच्या नाकात ऑक्सिजनची नळी. बरोबरची मुलगी प्रत्येक चित्रापाशी थांबून हळू आवाजात सांगत होती. वार्धक्यापाशी ती म्हणाली, बघा किती शांत आहे. त्यावर वॉकरवाल्या एक आजी, नव्वदीच्या तरी असतील, ठणठणीत आवाजात म्हणाल्या, “फारच शांत आहे. मला तर रोज राग येतो.” मुलीनं विचारलं, कशाचा? आजी म्हणाल्या, “बटणांचा.” आणि स्वेटरची बटणं दाखवली. बोटं सुजून वाकडी झालेली, एक बटण चुकीच्या काजात गेलेलं.

माझ्या कोलवरच्या भक्तीला तिथे पहिला तडा गेला. त्याचं वार्धक्य खोटं नाही, पण त्यात बोटं दुखत नाहीत. कान ऐकेनासे होत नाहीत. जिना नाही. ते मरणाचं चित्र आहे, म्हातारपणाचं नव्हे, आणि एकोणचाळिसाव्या वर्षी माणसाला या दोन गोष्टी एकच वाटत असणार. मलाही वाटत होत्या. मधे वीस-पंचवीस वर्षं बटणांची असतात हे तेव्हा कोण सांगतं?

मी आजींच्या जवळ जाऊन बटण नीट लावू का असं खुणेनं विचारलं. त्यांनी मान उंच करून लावून घेतलं. आभार वगैरे मानले नाहीत, हे मला फार आवडलं.

चौथा दिवस: परत

दिवसभर गाडी. मोहॉक डाव्या हाताला कधी दिसायची, कधी नाही.

मी कृष्णाकाठची. लहानपणी सांगलवाडीला जायचं तर कधी आयर्विन पुलावरून, कधी हौसेनं होडीनं. आजी होडीत बसली की नदीला नाणं टाकायची आणि हात जोडायची. कीर्तनात ऐकलेला भवसागरही मला तसाच वाटायचा: ऐलतीर, पैलतीर, मधे पाणी, आणि नावाडी आपल्याला पार करणार. आपल्याकडे नदी ओलांडायची असते. रुंदीनं. कोलचा माणूस नदीच्या लांबीनं जातो. उगमापासून समुद्रापर्यंत वाहत. त्याला पैलतीरच नाही. त्याला काठांवर उतरता येत नाही, परत फिरता येत नाही आणि नावाड्याला चार पैसे देऊन बोलताही येत नाही.

हे मी गाडीत मोठ्यानं म्हटलं. लेक म्हणाली, “आई, एक्झिट चुकेल.”

नऊ दिवसांनी: वॉशिंग्टन

मेट्रोपार्कहून सकाळची रेल्वे. साधारण तीन तास, गुडघ्यांना गाडीपेक्षा कितीतरी बरी. पासष्ट वर्षांवरच्यांना तिकिटात दहा टक्के सूट आहे, वय टाकायला विसरू नका. युनियन स्टेशनवरून गॅलरी पायी वीसेक मिनिटं. प्रवेश फुकट, आणि दारात चाकाची खुर्चीही फुकट मिळते. हे आधी खुर्ची नको म्हणाले. घुमटाखालचं कारंजं येईपर्यंत अभिमान टिकला, मग नातवानं ढकलायचं कंत्राट घेतलं.

तेच दालन, तीच चित्रं. म्हणजे रोममध्ये रागारागानं पुन्हा काढलेली. फोनमध्ये युटिकाचे फोटो घेऊन फरक शोधायचा खेळ नातवानं सुरू केला आणि पाच मिनिटांत त्यालाच कंटाळा आला. मला या संचाची पुढची गोष्ट जास्त भावते. तो सिनसिनाटीच्या एका श्रीमंत गृहस्थानं घेतला. पुढे त्याचं घर आणि चित्रं मेथडिस्ट लोकांच्या रुग्णसेवेच्या संस्थेकडे गेली आणि ही चार चित्रं एका वृद्धाश्रमाच्या प्रार्थनागृहात टांगलेली राहिली. १९६० च्या दशकात जाणकारांच्या नजरेला पडेपर्यंत बाहेरच्या जगाला पत्ता नव्हता. १९७१ मध्ये ती गॅलरीनं विकत घेतली. म्हणजे किती वर्षं रोज सकाळी म्हातारी माणसं प्रार्थनेला यायची आणि समोर हे. त्यांच्यातलंही कुणीतरी बटणांबद्दल बोललं असणारच.

नातवानं चारही चित्रांसमोरून एक फेरी मारली आणि विचारलं, “आजी, बोटीत याच्याबरोबर कुणीच का नाही? याचे मॉम-डॅड?”

खरंच की. सात वर्षं हे चित्र डोक्यात घेऊन फिरते आहे, पण हे मला दिसलं नव्हतं. गुहेतून बाळ एकटंच येतं. तारुण्यात मैत्रीण नाही, प्रौढपणी बायको नाही, शेवटी मुलं नाहीत. आणि काढणाऱ्याचं घर मात्र बायको, तिच्या बहिणी, मामा आणि पोरांनी भरलेलं. भरल्या घराच्या अंगणातल्या कोठारात बसून त्यानं चार वेळा एकटा माणूस काढला. रोमला जाऊन आणखी चार वेळा.

“देवदूत आहे ना,” मी म्हटलं.

“तो काऊंट नाही होत,” नातू म्हणाला.

लेक आणि नातू पुढच्या दालनात गेले. हे खुर्चीतून उठून बाकावर येऊन बसले, बरोबर प्रौढपणासमोर. बराच वेळ बघत होते. मी विचारलं, जे वर्षभर विचारलं नव्हतं. “तुम्हाला आत नेलं तेव्हा हात जोडले होतेत का?”

“कुठले. हाताला सुया. वरचे दिवे एकेक मागे जाताना दिसत होते.”

“देव आठवला?”

“खरं सांगू? विजेचं बिल आठवलं. शेवटची तारीख होती.”

मी बाहेर रामरक्षा म्हणत होते. तोंडपाठ, चाळीस वर्षांची. त्या दिवशी मधेच विसरले आणि पुन्हा पुन्हा पहिल्यापासून सुरू करत राहिले, शेवटपर्यंत एकदाही पोचले नाही. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. तिथे सांगितलं.

ह्यांनी चित्रातल्या त्या उजेडाच्या फटीकडे बघितलं. “म्हणजे मागं ढगात ते तू होय. विसरलेली रामरक्षा म्हणत.”

मी वार्धक्य जवळून बघायला उठले. परत वळले तर हे बाकावर मान खाली घालून झोपलेले आणि पहारेकरी, उंच, पांढऱ्या दाढीचा, त्यांच्यावर वाकून निरखत होता. माझ्याकडे बघून त्यानं हळूच विचारलं, बरे आहेत ना? त्याची काळजी खरी होती. जागाच तशी, चित्रच तसं. मलाही क्षणभर काय वाटलं ते लिहीत नाही. मी वाकून छातीकडे बघितलं. शर्ट वर-खाली होत होता.

ह्यांनी एक डोळा उघडला. आधी पहारेकऱ्याकडे, मग माझ्याकडे.

“इथं चहा कुठं मिळतो विचार त्याला.”

चहा खाली मिळतो. दोन इमारतींना जोडणाऱ्या भुयारी वाटेत कॅफे आहे, तिथे काचेमागून पाणी कोसळताना दिसतं. कोमट पाणी आणि दोऱ्याची पुडी, दूध वेगळं. आल्याची पूड मी पर्समधून नेली होती. जाल तेव्हा तुम्हीही न्या.